केनेथ आर्नोल्ड प्रकरण : ‘उडत्या तबकडी’मागचा लष्करी तपास

आकाशात दिसलेल्या अनोळखी वस्तूंबाबत एका सामान्य नागरिकाने केलेल्या कथनाची लष्कराने दखल घेतल्याचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे अमेरिकेतील केनेथ आर्नोल्ड प्रकरण होय. ‘उडती तबकडी’ हा मराठीत रूढ झालेला शब्दप्रयोगही याच घटनेनंतरच्या इंग्रजी वृत्तांमधून आला.

अग्निशमन साहित्याचे व्यावसायिक असलेले आर्नोल्ड २४ जून १९४७ रोजी वॉशिंग्टन राज्यात स्वतःच्या छोट्या विमानातून प्रवास करीत होते. कोसळलेल्या एका लष्करी मालवाहू विमानाचा शोध घेण्यासाठी ते माउंट रेनियर परिसरात वळले. तेथे त्यांना रांगेत जाणाऱ्या नऊ चकाकत्या वस्तू दिसल्या. रेनियर ते माउंट ॲडम्स हे अंतर त्या वस्तूंनी १ मिनिट ४२ सेकंदांत कापल्याची नोंद त्यांनी घड्याळावरून केली. यावरून निघणारा वेग ताशी सुमारे १,७०० मैल होता. सावधगिरी म्हणून त्यांनी तो १,२०० मैलांवर आणला. ध्वनीपेक्षा अधिक वेगाने सरळ पातळीत उड्डाण केल्याची पहिली अधिकृत नोंद त्यानंतर, ऑक्टोबर १९४७ मध्ये झाली. पाण्यावर भिरकावलेली बशी उसळावी तशी ती गती होती, असे त्यांचे वर्णन होते. वृत्तपत्रांनी मात्र गतीची उपमा आकाराला जोडली.

जुलैमध्ये लष्करी हवाई दलाच्या गुप्तवार्ता विभागातील लेफ्टनंट फ्रँक ब्राउन आणि कॅप्टन विल्यम डेव्हिडसन यांनी आर्नोल्ड यांची भेट घेतली. आर्नोल्ड यांनी जे पाहिल्याचे सांगितले ते त्यांनी खरोखरच पाहिले असावे, असे वैयक्तिक मत ब्राउन यांनी अहवालात नोंदविले. मात्र त्या वस्तू काय होत्या, याचे उत्तर त्यात नव्हते.

महिनाअखेरीस टॅकोमा येथील अशाच एका दाव्याची शहानिशा करताना आर्नोल्ड यांनी या दोघांना पाचारण केले. तेथून परतताना १ ऑगस्टच्या पहाटे त्यांचे बी-२५ विमान केल्सोजवळ कोसळले आणि दोघांचाही मृत्यू झाला. विमानातील अन्य दोघे हवाई छत्रीच्या साहाय्याने बचावले. टॅकोमाचा तो दावा पुढे बनावट ठरला.

वर्षअखेरीस हवाई दलाने स्वतंत्र चौकशी प्रकल्पाचा निर्णय घेतला. १९४८ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रोजेक्ट साइन’चे सल्लागार, खगोलशास्त्रज्ञ जे. ॲलन हायनेक यांनी आर्नोल्ड यांच्या आकड्यांतील विसंगती दाखविली. वस्तू सुमारे ५० फूट लांबीच्या आणि २० ते २५ मैलांवर असतील, तर त्यांचा तपशील डोळ्यांना दिसणे शक्य नव्हते. त्या जवळ असतील, तर वेग बराच कमी भरतो आणि ती परिचित विमाने असण्याची शक्यता उरते. हवाई दलाच्या नोंदीत मात्र अखेर ‘मृगजळ’ असा शेरा पडला. आर्नोल्ड यांनी आपले कथन १९८४ मधील निधनापर्यंत बदलले नाही.

‘प्रोजेक्ट ब्लू बुक’ १९६९ मध्ये बंद करण्यात आला, तेव्हा नोंदविलेल्या १२,६१८ घटनांपैकी ७०१ अनिर्णित होत्या. या प्रकरणातून तपासाची एक मर्यादा स्पष्ट होते : साक्षीदाराचा प्रामाणिकपणा मान्य केला, तरी त्याचे अंतर, आकार व वेगाचे अंदाज आपोआप सिद्ध होत नाहीत.