परसातले वांगे

परसात प्रथमच वांग्याचे रोप लावणारा माणूस एका फार जुन्या परंपरेत पाऊल टाकत असतो. ‘वार्ताक’, ‘वृन्ताक’ ही या फळाची संस्कृत नावे. फारसी ‘बादिंगान’ अरबीमार्गे पोर्तुगीजांकडे जाऊन ‘बेरिंजेला’ झाले व त्यांच्याबरोबर भारतात येऊन इंग्रजीत ‘ब्रिंजल’ म्हणून रुळले. मराठी घरांत मात्र ते वांगेच राहिले. चातुर्मासात वर्ज्य झालेले वांगे चंपाषष्ठीला खंडोबाच्या नैवेद्यातील भरीत-रोडग्याने ताटात परतते.

ही परंपरा टिकली ती बियाण्यावर. एखादे निकोप फळ झाडावरच पिवळे पडू द्यायचे, बी धुऊन सावलीत वाळवायचे, थोडे शेजारी द्यायचे. म्हणूनच २००९ साली जनुकबदल केलेल्या बीटी वांग्याला केंद्रीय समितीने मान्यता देताच वाद पेटला. नागपूर, हैदराबाद यांसह सात शहरांत जाहीर सुनावण्या झाल्या आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी केंद्राने त्याच्या लागवडीस स्थगिती दिली. वाद सुरक्षिततेचा होता, तसाच बियाण्यावरील हक्काचाही. संकरित वाणाचे बी पुढल्या पिढीत मूळ गुण राखत नाही; गावठी वाणाचे बहुधा राखते. तेव्हा पहिल्याच वर्षी एक वांगे तरी बियांसाठी झाडावर सोडावे.