अण्णांचा रिपोर्ट आणि उकळत्या झऱ्यातली कात्री

तर झालं असं. २०२० साली, करोनाच्या पहिल्या लाटेत, अण्णांना ताप भरला. तेव्हा उस्मानाबादचे (आता धाराशिव, पण आमच्या घरात जुनंच नाव तोंडात बसलंय) स्वॅब लातूरला जायचे. पुढे त्याच वर्षी इथल्या विद्यापीठ उपकेंद्रात तपासणी सुरू झाली, पण आमची पाळी आधीच आली. दोन रात्री रिपोर्टची वाट पाहिली. आई देवघरापुढून हलेना. अण्णा खाटेवरून विचारत, "नाकात काडी घालून एवढं काय दिसतंय रे त्येंला?"

मी विज्ञान शाखेचा, पण धड उत्तर देता आलं नाही. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. अण्णा बारा दिवस दवाखान्यात राहिले आणि बरे होऊन घरी आले. प्रश्न मात्र माझ्याकडेच राहिला. त्याचं उत्तर शोधताना मी थेट अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम झऱ्यांपाशी पोचलो!

१९६६ साली थॉमस ब्रॉक आणि त्यांचा विद्यार्थी हडसन फ्रीझ यांनी तिथल्या मशरूम स्प्रिंग नावाच्या झऱ्यातून नमुना घेतला. उष्णताप्रिय जीवाणू शोधणारे लोक तोवर नमुने ५५ अंशांवर वाढवत, कारण त्यापलीकडे काही जगेल असं फारसं कुणाला वाटत नव्हतं. या दोघांनी नमुना ७० अंशांवर ठेवला आणि पिवळसर जीवाणू वाढला. १९६९ मध्ये त्याचं नाव छापून आलं, थर्मस अ‍ॅक्वाटिकस. कुठला रोग बरा करायचा नव्हता की कुठली कंपनी काढायची नव्हती. उकळीला आलेल्या पाण्यात कोण राहतं, एवढंच पाहायचं होतं.

आता अंडं उकडलं की पांढरं घट्ट होतं, तसंच आपल्या शरीरातल्या विकरांचं होतं. उष्णतेने त्यांची घडी मोडते. या जीवाणूची विकरं मात्र आतून जास्त घट्ट बांधलेली असतात. त्यातलं एक, डीएनएची नक्कल करणारं पॉलिमरेज, १९७६ साली सिनसिनाटी विद्यापीठात अ‍ॅलिस चियेन आणि सहकाऱ्यांनी शुद्ध करून दाखवलं. मग ते पडून राहिलं.

इकडे १९८३ मध्ये कॅरी मुलिस यांना पीसीआर सुचलं. डीएनए ९५ अंशांच्या आसपास तापवून त्याचे दोन धागे सोडवायचे, थंड करून प्रत्येकाची नक्कल करायची, पुन्हा तापवायचं. तीस फेऱ्यांत एकाचे शंभर कोटींवर होतात. अडचण अशी की तेव्हा वापरत ते आपल्या आतड्यातल्या ई. कोलायचं विकर दर तापवणीला मरायचं. दर फेरीला नवं घाला! शेवटी झऱ्यातल्या जीवाणूचं विकर आणलं, आणि १९८८ मध्ये ती पद्धत प्रसिद्ध झाली. एकदा घातलं की शेवटपर्यंत पुरतं. (मुलिस यांना १९९३ मध्ये नोबेल मिळालं.)

पण मला खरी गंमत वाटली ती पुढची. पेशीत डीएनएची नक्कल करताना सुरुवातीला आरएनएचे छोटे तुकडे टाचणीसारखे लावले जातात. काम झालं की ते काढावे लागतात. हे विकर पुढे सरकतं, वाटेतली टाचणी कापून टाकतं आणि जागा डीएनएने भरतं. घरातली झाडलोटच म्हणा ना. १९९१ साली संशोधकांनी हीच कात्री कामाला लावली. विषाणूच्या डीएनए-नकलेवर (विषाणू आरएनएचा, म्हणून आधी दुसऱ्या विकराने त्याचा डीएनए करून घेतात) एक चमकणारा पण दाबून ठेवलेला तुकडा चिकटवायचा. विकर तिथे पोचलं की सवयीने तो कापतं, आणि चमक मोकळी होते. यंत्र ती मोजतं. विषाणू नसेल तर कापायलाच काही नाही. अण्णांच्या काडीत "दिसलं" ते हे.

हे सगळं अण्णांना एका दुपारी सांगितलं. त्यांचा पुढचा प्रश्न, "मग त्या झऱ्याला काय मिळालं?" काही नाही. १९९१ मध्ये पीसीआरचे हक्क ३० कोटी डॉलरला विकले गेले, त्यात यलोस्टोनला दमडी नव्हती. आपल्याकडे निदान २००२ चा जैवविविधता कायदा आहे. आज हे विकर बनवायला कुणी झऱ्यावर जातही नाही, त्याचं जनुक ई. कोलायमध्ये घालून वाढवतात. म्हणजे जे विकर नापास झालं त्याच्याच घरी आता हे तयार होतं!

गरम झरे आपल्या मराठवाड्यातही आहेत, नांदेड जिल्ह्यात किनवट तालुक्यात उनकेश्वरला. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी तिथल्या पाण्यातल्या जीवाणूंचा सगळा डीएनए एकत्र वाचून २०१६ मध्ये अभ्यास छापला. त्वचारोगासाठी लोक तिथे पिढ्यान् पिढ्या आंघोळीला जातात. अण्णाही लहानपणी खरूज झाली म्हणून आजोबांसोबत गेले होते. हे ऐकल्यावर ते थोडा वेळ गप्प बसले.

"म्हंजे मी त्येंच्यासंगंच आंघोळ करून आलोय की," म्हणाले, आणि आईला चहा टाकायला सांगितला.