लेहचा विमानतळ कोणी बांधला?

विमानतळ हा विषय हल्ली वऱ्हाडात चहाच्या टपरीवरसुद्धा निघतो. १६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीजवळच्या बेलोऱ्याहून मुंबईची नियमित प्रवासी विमानसेवा सुरू झाली. अकोल्याच्या शिवणीची धावपट्टी वाढवावी, ही मागणी तर फार जुनी आहे. अशा वेळी आम्ही तुम्हांला दूर लडाखात घेऊन जात आहोत, ते सहलीसाठी नव्हे. धावपट्टी कोणाला तारते आणि ती कोणाच्या श्रमावर उभी राहते, हे लेहच्या इतिहासात जितके उघडे दिसते तितके क्वचितच कोठे दिसत असेल.

लेहचा विमानतळ समुद्रसपाटीपासून ३,२५६ मीटर उंचीवर आहे. आपले चिखलदरे अकराशे मीटरच्या आसपास; तशी जवळजवळ तीन चिखलदरी एकावर एक रचावी, तेव्हा ही उंची येते. एवढ्या उंचीवर हवा विरळ होते. विमानाला उचलते ती हवाच. ती विरळ झाली की विमानाला अधिक वेगाने धावावे लागते, म्हणून धावपट्टीही अधिक लांब लागते. आणि त्याच वेळी इंजिनाचे बळ मात्र घटलेले असते. दिवस तापला की हवा आणखी विरळ होते व डोंगरांतून वारे सुटतात. म्हणून तेथील प्रवासी विमानांची ये-जा बहुतांशी सकाळीच उरकली जाते.

आता १९४८ सालाकडे वळू. काश्मीरचे युद्ध सुरू होऊन काही महिने लोटले होते. लेहचे रक्षण करण्यास मूठभर माणसे होती. श्रीनगरहून लेहला जायचे तर साडेअकरा हजार फुटांवरील झोजीला खिंड ओलांडणे भाग होते, आणि हिवाळ्यात ती बर्फाने बुजलेली असे. त्या बर्फातून मेजर पृथीचंद यांची छोटी तुकडी मार्चच्या आरंभी लेहला पोहोचली. तिच्याबरोबर सोनम नोर्बू नावाचे एक अभियंते होते. ते लडाखचेच सुपुत्र. त्यांच्यावर कामगिरी होती ती सिंधू नदीच्या खोऱ्यात विमान उतरू शकेल एवढी जमीन तयार करण्याची.

मे महिन्यात कारगिल शत्रूच्या हाती गेले आणि लेहची वाट तुटली. त्या महिन्याच्या २४ तारखेला एअर कमोडोर मेहरसिंग यांनी आपले डाकोटा विमान त्या नव्या धावपट्टीवर उतरवले. जनरल थिमय्या त्यांच्यासोबत होते. डाकोटात आतील हवेचा दाब राखण्याची सोय नव्हती, आणि वाटेत हिमालयाची शिखरे होती. या धाडसाला तोड नाही. पुढे याच पट्टीवर सैनिक व दारूगोळा उतरत गेला, आणि लेह वाचले. १ नोव्हेंबर १९४८ रोजी झोजीलावर रणगाडे चढवून भारतीय सैन्याने ती खिंड परत घेतली. पण तोपर्यंत लेह टिकून राहिले होते, ते या पट्टीच्या आधारावर.

हा इतिहास अनेक ठिकाणी लिहिला गेला आहे. त्यात वैमानिकाचे नाव आहे, सेनापतीचे आहे. सोनम नोर्बूंचेही आहे; लेहच्या मोठ्या रुग्णालयाला त्यांचे नाव दिले आहे, आणि ते योग्यच झाले. विमानतळाला कुशोक बकुला रिम्पोचे यांचे नाव आहे. पण आमच्यासारख्या कामगारांत वावरणाऱ्या माणसाला एक प्रश्न छळतो. त्या काळी मोटार जाईल असा रस्ताच लेहला नव्हता, तेव्हा जड यंत्रे येणार कोठून? मग ती जमीन सपाट केली कोणी? तेथल्याच गावकऱ्यांनी. कडाक्याच्या थंडीत, विरळ हवेत, त्यांनी दगड वेचले, खड्डे बुजवले आणि काही आठवड्यांत पट्टी तयार केली. मेहरसिंगांनी विमान टेकवले ते या लोकांच्या कामावर विश्वास टाकून. एक मोठा दगड वर राहिला असता, तर सारे धाडस तेथेच संपले असते.

हे लडाखपुरतेच आहे असे नाही. नेपाळात एव्हरेस्टच्या वाटेवर लुक्ला येथे १९६४ साली एडमंड हिलरी यांच्या पुढाकाराने विमानपट्टी झाली. तेव्हा जमीन दाबून घट्ट करण्यासाठी शेर्पा मंडळी हातात हात घालून तिच्यावर नाचली. रोलर नव्हता, म्हणून माणसांचे पाय रोलर झाले. आज त्या विमानतळाला तेनसिंग आणि हिलरी यांची नावे आहेत.

आता अलीकडची गोष्ट. १९६० साली सीमा रस्ते संघटना स्थापन झाली, आणि पुढे लडाखात घाटामागून घाट फोडून रस्ते झाले. ते फोडणारे हात पुष्कळसे झारखंडचे, विशेषतः दुमका भागातले होते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि हे मजूर डोंगरांत अडकले. २९ मे २०२० रोजी बटालिक भागातील साठ मजुरांना झारखंड सरकारच्या प्रयत्नाने लेहहून विमानाने रांचीला आणले गेले. ज्यांच्या जातभाईंनी त्या प्रदेशाच्या वाटा बांधल्या, त्यांना विमान मिळाले ते संकटात सापडल्यावर. दोनच आठवड्यांनी, १३ जूनला, दीड हजारांहून अधिक मजुरांची गाडी दुमक्याहून पुन्हा त्याच कामासाठी निघाली. घरी चूल पेटायला हवी होती. या वेळी मात्र मजुरांची नोंद व्हावी आणि मजुरी मध्यस्थाच्या हातून न जाता थेट खात्यात पडावी, असा आग्रह त्यांच्या सरकारने धरला. वस्तुतः स्थलांतरित मजुराचे जाण्यायेण्याचे भाडे ठेकेदाराने द्यावे, असे १९७९ च्या कायद्यातच लिहिले होते. लिहिलेले हातात पडण्यासाठी मात्र महामारी यावी लागली.

वऱ्हाडाला हे परके वाटू नये. १९७२ च्या दुष्काळात आपल्या राज्यातील आयाबहिणींनी खडी फोडून रस्ते केले, आणि त्या श्रमातून रोजगार हमीचा कायदा जन्माला आला. आजही मेळघाटातील कोरकू कुटुंबे कामासाठी बाहेर पडतात आणि होळीला गावी परततात. कायदे बदलले; बांधकाम कामगारांचा १९९६ चा कायदा नव्या संहितांत विलीन झाला. तरी नव्वद दिवस काम केल्याचा दाखला मिळवण्यासाठी मजुराला ठेकेदाराच्या दारी खेटे घालावे लागतात, ते काही थांबलेले नाही. दाखला नाही तर नोंदणी नाही, आणि नोंदणी नाही तर मुलांची शिष्यवृत्ती नाही, अपघातात मदतही नाही.

विमानतळाला आमचा विरोध नाही. लेहच्या पट्टीने एक प्रदेश वाचवला. आमच्या आजारी माणसाला मुंबई लवकर गाठता आली, तर आम्हांला आनंदच आहे. मागणी एवढीच की, उद्या शिवणीला किंवा आणखी कोठे धावपट्टीचे काम निघाले, तर पहिल्या दिवसापासून प्रत्येक मजुराचे नाव हजेरीपटावर चढावे, मजुरी खात्यात पडावी आणि नव्वदाव्या दिवशी दाखला हातात यावा. लेहच्या गावकऱ्यांची नावे आज कोणी सांगत नाही. आपल्या गावच्या माणसांची तरी लिहून ठेवू या.