चालती गाडी बंद पडली आणि पुन्हा सुरू होत नाही : दोष कसा ओळखावा?

कर्जतहून मिरजगावकडे किंवा राशीनमार्गे भिगवणकडे जाताना दोन गावांमध्ये बरेच अंतर मोकळे माळरान लागते. अशा ठिकाणी चालती कार बंद पडली, तर गॅरेज जवळ नसते. दोष जागेवर दुरुस्त झाला नाही, तरी तो कोणत्या प्रकारचा आहे हे ओळखता येते. फिटरला फोनवर नेमके सांगता आले की तो योग्य सामान घेऊन येतो.

आधी सुरक्षितता

इंजिन बंद पडताच स्टिअरिंग जड होते. ब्रेकला मिळणारी मदतही एक-दोन वेळा दाबल्यावर संपते. त्यामुळे ब्रेक पुन्हा पुन्हा सोडून दाबू नका, एकदाच दाबून धरा. चावी पूर्ण फिरवून काढू नका, स्टिअरिंग लॉक होऊ शकते. गाडी डावीकडे घ्या, चारही इंडिकेटर लावा, मागे त्रिकोण ठेवा आणि सर्वांना रस्त्यापासून दूर उभे करा. उसाच्या हंगामात रात्री हे जास्तच महत्त्वाचे, कारण मागून येणाऱ्या ट्रॉल्यांना पटकन थांबता येत नाही.

सेल्फ मारल्यावर काय होते?

निदानाची सुरुवात इथून होते.

१. सेल्फ फिरत नाही, नुसते टकटक होते, दिवे मंद पडतात : बॅटरी उतरली आहे किंवा तिचे टर्मिनल सैल आहे. बंद पडण्यापूर्वी डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला असेल, तर संशय अल्टरनेटरवर घ्या. अशा वेळी दुसऱ्या बॅटरीने गाडी सुरू झाली तरी थोड्या वेळाने पुन्हा बंद पडते.

२. सेल्फ नेहमीसारखा फिरतो, पण इंजिन पेट घेत नाही : इंधन किंवा स्पार्क पोहोचत नाही. चावी ऑन करून मागच्या सीटजवळ कान द्या. बहुतेक पेट्रोल गाड्यांत पंपाचा दोन-तीन सेकंद घूं आवाज येतो. तो आला नाही तर पंपाचा फ्यूज आणि रिले तपासा. सीएनजी गाडी असेल तर पेट्रोलवर करून पाहा. डॅशबोर्डवर चावीचे चिन्ह लुकलुकत असेल, तर गाडी चावी ओळखत नाही; दुसरी चावी वापरून पाहा.

३. सेल्फ नेहमीपेक्षा हलका, सरसर फिरतो : टायमिंग बेल्ट तुटला असण्याची शक्यता आहे. पुन्हा सेल्फ मारू नका. काही इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळून मोठे नुकसान होते.

४. तापमानाचा काटा वर गेला आहे : इंजिन तापले आहे. गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडू नका, उकळते पाणी अंगावर उडते. इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच पाणी पाहा.

५. पाण्यातून जाताना गाडी बंद पडली : सेल्फ अजिबात मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेले असेल तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. गाडी टो करूनच न्या.

थंड झाल्यावर सुरू झाली तर?

उन्हाळ्यात हा अनुभव अनेकांना येतो. गाडी बंद पडते, अर्ध्या तासाने आपोआप सुरू होते आणि ‘गरम झाली असेल’ म्हणून विषय सोडून दिला जातो. तापमानाचा काटा ठीक असेल, तर क्रँकशाफ्ट सेन्सर, इग्निशन कॉइल किंवा इंधनपंप तापल्यावर दगा देत असण्याची शक्यता असते. क्रँकशाफ्ट सेन्सर इंजिन फिरत असल्याची खबर कंप्युटरला देतो. ती खबर थांबली की बहुतेक गाड्यांत स्पार्क आणि इंधन दोन्ही बंद होतात. थंड झाल्यावर सेन्सर पुन्हा चालू लागतो, पण दोष गेलेला नसतो.

अशी गाडी थेट गॅरेजला न्या आणि स्कॅनर लावून घ्या. ‘पी०३३५’ हा कोड याच सेन्सरच्या सर्किटकडे बोट दाखवतो. कोड दिसला म्हणून लगेच सेन्सर बदलू नका, आधी वायर आणि कनेक्टर तपासायला सांगा.

फिटरला काय सांगाल?

सेल्फ फिरतो का, कोणता दिवा लागला, काटा कुठे होता, पंपाचा आवाज आला का आणि गाडी झटक्यात बंद पडली की आचके देत, या पाच गोष्टी सांगा. आचके देत बंद पडली तर बहुधा इंधनाचा प्रश्न असतो, झटक्यात बंद पडली तर बहुधा विजेचा. तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हे क्रमांक आहेत.