बखर, पत्र आणि गाडीतला कॅमेरा

मंडळी, इतिहासाचं साधन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? मोडी कागद, शिलालेख, नाणी, फार तर जुनं छायाचित्र. आज आपण जे साधन घेणार आहोत ते साठ-सत्तर वर्षांपूर्वी जवळपास नव्हतंच, आणि आता इतकं झालंय की ठेवायला जागा नाही. शर्यतीच्या गाडीत बसवलेल्या कॅमेऱ्याचं चित्रण. त्यातही कोट्यवधींच्या शर्यतींपेक्षा हौशी क्लबांच्या शर्यतींचं चित्रण आपल्याला जास्त उपयोगाचं आहे. का, ते पुढे येईल.

'हौशी' हा शब्द आपल्याला नाटकामुळे पक्का माहीत आहे. दिवसा बँकेत नोकरी, रात्री तालीम, आणि पदरचे पैसे घालून प्रयोग. इंग्लंड-अमेरिकेतली क्लब रेसिंग अगदी याच जातीची. इंग्लंडात १९३९ साली ऑस्टिन सेव्हन या छोट्या, स्वस्त गाडीच्या मालकांसाठी 'सेव्हन-फिफ्टी मोटर क्लब' निघाला. अमेरिकेत १९४४ साली 'स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका'. हा दुसरा क्लब सुरुवातीची बरीच वर्षं इतका कट्टर हौशी होता की बक्षिसाची रक्कम घेणंसुद्धा त्याला मान्य नव्हतं. पुढे 'लोटस' गाड्यांमुळे जगप्रसिद्ध झालेला कॉलिन चॅपमन सेव्हन-फिफ्टीच्या मैदानातूनच वर आला. पण हे अपवाद. बाकीचे लोक शनिवारी सकाळी गाडी ट्रेलरवर चढवतात, रविवारी रात्री परत आणतात आणि सोमवारी कामावर जातात.

हौसेला मोल नसतं म्हणतात, पण बिल असतं. आणि इथे आपला विषय सुरू होतो. क्लबच्या शर्यतीत दोन गाड्या एकमेकींवर आदळल्या तर नेहमीचा मोटारविमा चालत नाही. सर्वसाधारण रिवाज असा की ज्याची गाडी त्याचा खर्च, चूक कुणाची का असेना. मग चूक ठरवायची कशाला? कारण त्यावर शिक्षा असते. निकालातून नाव कापलं जातं, परवान्यावर दोषगुण चढतात, फार झालं तर परवाना जातो. आणि शिक्षेपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे पुढच्या महिन्यात त्याच वीस-पंचवीस माणसांबरोबर पुन्हा ताशी दीडशेच्या वेगानं वळणात शिरायचं असतं. 'हा माणूस मुद्दाम ढकलतो' असं नाव एकदा झालं की शेजारून जायला कुणी धजत नाही. म्हणून 'नक्की काय झालं' हा प्रश्न इथे पोकळ नाही.

कॅमेऱ्याआधी हा प्रश्न कसा सुटायचा? बऱ्याचदा सुटायचाच नाही. सगळ्यात भयंकर उदाहरण १९५५च्या ल मांचं. ११ जूनच्या संध्याकाळी माइक हॉथॉर्नची जॅग्वार पिटकडे वळण्यासाठी ब्रेक लावते, मागचा लान्स मॅकलिन आपली ऑस्टिन-हीली डावीकडे काढतो, आणि मागून येणारी पिएर लेव्हेची मर्सिडीज हीलीवर चढून प्रेक्षकांत जाते. ऐंशीच्या वर माणसं गेली. चौकशीनं कुणा एका चालकाला दोषी धरलं नाही. पण १९५८ साली हॉथॉर्नचं आत्मचरित्र आलं आणि त्यातली हकीकत वाचून मॅकलिननं अब्रुनुकसानीचा दावा लावला. १९५९च्या जानेवारीत हॉथॉर्न रस्त्यावरच्या अपघातात गेला. वाद मात्र अर्धशतकानंतरही जिवंत आहे. तिथे कॅमेरे होते, पण ते कडेला उभे होते. तिन्हींपैकी एकाही गाडीच्या आतून काय दिसत होतं, ते सांगायला फक्त माणसं होती.

आता राजवाडे आठवा. १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढताना त्यांनी बखरींची जी झाडाझडती घेतली, तिचा मुद्दा साधा होता: मागाहून, आठवून, कुणाची तरी बाजू सावरत लिहिलेल्या हकिकतीपेक्षा त्या त्या दिवशी कामाकाजासाठी लिहिलेलं पत्र जास्त विश्वासाचं. आपल्या भाषेत सांगायचं तर शर्यत संपल्यावर चहा पिताना चालक जी गोष्ट सांगतो ती बखर, आणि कॅमेऱ्याचं चित्रण म्हणजे अस्सल पत्र. ही तुलना आम्हाला आवडते, कारण ती दोन्ही बाजूंनी चालते. पत्रालासुद्धा लिहिणारा असतो, तो कुठेतरी बसलेला असतो, आणि त्याला सगळंच दिसत नसतं.

हे पत्र लिहायची सोय कशी झाली तेवढं भराभर पाहू. स्टीव्ह मॅक्वीनच्या 'ल मां' या चित्रपटासाठी १९७०च्या खऱ्याखुऱ्या चोवीस तासांच्या शर्यतीत कॅमेरे लावलेली पोर्शे ९०८ उतरवली होती. हर्बर्ट लिंग आणि जोनाथन विल्यम्स तिचे चालक. गाडी टिकली, पण रिळं बदलायला इतक्या वेळा थांबावं लागलं की किमान अंतर भरलं नाही, आणि निकालात तिचा क्रमांक लागला नाही. ३५ मिलिमीटरचं १००० फुटांचं रीळ घेतलं तरी ते अकरा मिनिटांत संपतं. ल मांच्या तीनेक फेऱ्या. म्हणजे त्या काळी चित्रण करायचं तर शर्यत सोडायची, आणि शर्यत करायची तर चित्रण सोडायचं, असा मामला. १९७९ साली ऑस्ट्रेलियात चॅनल सेव्हननं बाथर्स्टच्या शर्यतीत पीटर विल्यमसनच्या टोयोटा सेलिकात 'रेसकॅम' बसवला. चित्र गाडीतून हेलिकॉप्टरकडे आणि तिथून खाली स्टुडिओकडे. शिवाय चालक धावत्या गाडीतून समालोचकांशी गप्पा मारतोय! फॉर्म्युला वनमध्ये थेट प्रक्षेपणासाठी कॅमेरा शर्यतीत आला तो १९८५च्या जर्मन ग्रां प्रीमध्ये, फ्रांस्वा एनोच्या रेनॉत.

पण ही सगळी दूरचित्रवाणीची आणि चित्रपटवाल्यांची मिरास. बघणाऱ्याला थरार मिळावा म्हणून केलेली. हौशी माणसाच्या हाती कॅमेरा आला तो आधी खांद्यावरच्या कॅमकॉर्डरच्या रूपानं, रोल-केजच्या नळीला आवळून बांधलेला, दर खड्ड्याला थरथरणारा. आणि मग २००९-१०च्या सुमारास मुठीत मावणारे हाय-डेफिनिशन कॅमेरे आले आणि दहा वर्षांत चित्र पालटलं. आज ब्रिटन-अमेरिकेतल्या अनेक क्लब-मालिकांत कॅमेरा ही हौस उरलेली नाही, तो नियम झाला आहे. तो कसा बसवायचा हेही ठरलेलं. नुसता रबरी सक्शन कप बऱ्याच ठिकाणी चालत नाही, कारण आदळआपटीत सुटलेला कॅमेरा म्हणजे गाडीच्या आत उडणारा दगड. शर्यतीआधीच्या तपासणीत तो हलवून बघतात.

आता खरा भाग. हे पत्र वाचायचं कसं?

पहिली गोष्ट भिंगाची. हे कॅमेरे फार रुंद भिंगाचे असतात. रुंद भिंगात पुढची गाडी आहे त्यापेक्षा लहान आणि लांब दिसते. घरी सोफ्यावर बसून बघणारा म्हणतो, 'अरे, एवढी जागा होती की!' ती जागा बरीचशी भिंगानं दिलेली असते. दुसरं, कॅमेरा पुढे बघतो. शेजारी कोण आलंय ते त्याला दिसत नाही. क्लबच्या वादात कळीचा प्रश्न बहुधा एकच असतो: वळणात शिरायला स्टिअरिंग फिरवलं त्या क्षणी मागचा शेजारी पोचला होता का, आणि किती? बचाव करणाऱ्याच्या चित्रणात मागून आलेली गाडी खिडकीच्या पुढच्या खांबापुढे येते तेव्हा अचानक उगवते. 'हा आला कुठून?' असं त्याला प्रामाणिकपणे वाटतं, आणि चित्रणही तेच सांगतं. मागच्याच्या चित्रणात मात्र तो तीन सेकंद तिथेच असतो. दोन्ही पत्रं अस्सल, दोन्ही खरी. म्हणून जाणता अधिकारी एकाच चित्रणावर निकाल देत नाही. दोन्ही गाड्यांचं मागतो, आणि जमलं तर त्या दोघांच्या मागे जो होता त्याचंही. त्या तिसऱ्याचा संबंध नसतो, म्हणून त्याच्या कागदाला वजन.

आता थोडं गणित. ताशी १२० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. सेकंदाला ३० चौकटी घेणारा कॅमेरा असेल तर दोन चौकटींमध्ये गाडी मीटरभर पुढे गेलेली असते. शेजारी पोचला होता की नाही हा वाद मीटर-दीड मीटरचाच असतो, तेव्हा चौकट थांबवून 'हे बघा' म्हणणाऱ्यानं जरा जपून. चित्राच्या कोपऱ्यात जो वेगाचा आकडा नाचत असतो तो तर आणखी जपून घ्यावा. तो उपग्रहावरून येतो. साधं यंत्र सेकंदाला एकदा जागा मोजतं, म्हणजे ३३ मीटरला एकदा. चांगलं यंत्र दहा वेळा, म्हणजे सव्वातीन मीटरला एकदा. मधलं सगळं अंदाजानं भरलेलं असतं, आणि ते नकाशावर इतकं गुळगुळीत दिसतं की मोजलेलंच वाटतं.

मग चित्रणात भरवशाचं काय? आमच्या मते दोन गोष्टी. एक, चालकाचे हात. कॅमेरा डोक्याच्या मागे, मधोमध बसवला असेल तर स्टिअरिंगवरचे हात दिसतात, आणि हात खोटं बोलत नाहीत. गाडी घसरली म्हणून उलटं फिरवलं की मुद्दाम आत घातली, ते तिथे कळतं. दोन, इंजिनाचा आवाज. पाय कधी सुटला, पुन्हा कधी दाबला, हे चित्रापेक्षा कानाला आधी कळतं. मात्र आवाज त्याच गाडीचा हवा, ही अट. क्लोद लेलूशची १९७६ची ती प्रसिद्ध आठ मिनिटांची फिल्म, पहाटेच्या पॅरिसमधून सुसाट गेलेली, तिच्यात कॅमेरा मर्सिडीजवर होता आणि ऐकू येते ती फेरारी. लेलूशनं पुढे ते सांगूनही टाकलं. कलाकृती म्हणून झकास, पुरावा म्हणून शून्य.

आणि हात दिसले तरी वाचणारे दोन निघू शकतात. १ मे १९९४ला इमोलात आयर्टन सेनाचा मृत्यू झाला. गाडीत कॅमेरा होता. इटलीतल्या खटल्यात त्या चित्रणावर स्टिअरिंगच्या चाकावरचं एक बटण चौकटीगणिक मोजलं गेलं. सरकारी पक्ष म्हणाला, चाक आपल्या वर्तुळाबाहेर सरकतंय, म्हणजे दांडा तुटत होता. बचाव म्हणाला, एवढी लवचिकता त्या गाडीत रोजची. चित्रण एकच, बटण एकच. १९९७च्या डिसेंबरमध्ये खालच्या न्यायालयानं आरोपींना सोडलं, अपिलं पुढे कितीतरी वर्षं चालली. हेतूचं तर विचारूच नका. १९९०च्या सुझुकात पहिल्याच वळणावर सेना प्रोस्टवर आदळला ते जगानं टीव्हीवर पाहिलं, वर्षभर वाद घातला. ते मुद्दाम होतं हे कळलं कधी? १९९१ साली सेना स्वतः बोलला तेव्हा. म्हणजे शेवटी बखरच कामाला आली!

हौशी मैदानात निदान एक वाद कॅमेऱ्यानं जवळजवळ संपवला: पिवळ्या निशाणाखाली पुढे जाणं. पिवळं निशाण म्हणजे पुढे अपघात आहे, कुणीतरी स्वयंसेवक मार्शल रस्त्यावर उतरला असेल, ओलांडायचं नाही. पूर्वी मार्शल चिठ्ठी लिहायचा आणि चालक म्हणायचा, 'निशाण दिसलंच नाही.' आता त्याच्याच कॅमेऱ्यात दिसतं. त्या रस्त्यावर उतरलेल्या माणसाला पगार नसतो, तोही हौशीच. त्याच्या जिवाच्या दृष्टीनं हा बदल आम्हाला सगळ्यात मोठा वाटतो. ब्रेक कुठे लावला आणि अर्धा सेकंद कुठे गेला हे घरी बसून तपासायला चालकांना आवडतं, त्याचा उपयोगही होतो. पण ते त्यांचं त्यांच्यापुरतं.

आता आपल्या धंद्याची अडचण. सेकंदाला १५ मेगाबिट या दरानं तासाचं चित्रण पावणेसात जीबी होतं. निकालाविरुद्ध तक्रार करायला बहुतेक क्लबांत अर्ध्या तासाच्या आसपास मुदत असते. ती गेली की चित्रणाचं काम संपलं, आणि पुढच्या शनिवारी तेच कार्ड पुसून पुन्हा कॅमेऱ्यात जातं. जे राहतं त्यावर मिती धड नसते. बॅटरी संपली की कॅमेऱ्याचं घड्याळ मागे जातं आणि फाइलवर भलत्याच वर्षाची तारीख पडते. शिवाय मोठी फाइल चार-चार जीबीच्या तुकड्यांत तुटलेली, मधला तुकडा गहाळ. मोडी पत्रं वाचणाऱ्यांना हे दुखणं नवं नाही: तिथे तिथी असते आणि साल नसतं, इथे साल असतं आणि ते खोटं असतं.

उपायही तोच, दुसऱ्या कागदाशी ताडून बघायचं. क्लबच्या वेळपत्रकात प्रत्येक गाडीच्या प्रत्येक फेरीची वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत छापलेली असते. चित्रणात गाडी अंतिम रेषा ओलांडते त्या चौकटी शोधायच्या, मधली अंतरं मोजायची आणि पत्रकात तशीच ओळ आहे का ते बघायचं. सलग पाच-सहा फेऱ्या जुळल्या तर दिवस, शर्यत आणि गाडी तिन्ही सापडतात. वेळपत्रकं कागदावर असतात, क्लबांच्या कपाटांत पडून असतात, आणि आतापर्यंत तरी कुणी ती पुसून पुन्हा वापरलेली नाहीत.