दखनी बोलीतील पंजाबी व मराठी खुणा : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

बोलीवरून माणसाचे मूळ कितपत ओळखता येते, या प्रश्नाच्या दृष्टीने छत्रपती संभाजीनगर परिसरातील दखनी बोली अभ्यसनीय आहे. १३२७ मध्ये मुहम्मद बिन तुघलकाने जवळच्या दौलताबादेस राजधानी हलविली. दिल्लीहून आलेल्या लोकांबरोबर उत्तरेची भाषाही येथे रुजली. दखनीतील 'किताबां', 'बातां' ही अनेकवचने पंजाबीशी जुळतात. अशा साम्यांच्या आधारे हाफिज महमूद शेरानी यांनी 'पंजाब में उर्दू' (१९२८) या ग्रंथात उर्दूचा उगम पंजाबात मानला. तथापि 'नक्को' हा नकार आणि 'अबीच'मधील जोर देणारा 'च' ही मराठीची देणगी होय. म्हणजेच एकाच वाक्यात दोन्ही प्रदेश नांदतात. सारांश, उच्चार व शब्द हे समाजांच्या सहवासाचे पुरावे होत. केवळ त्यांवरून कोणास परके ठरविणे इतिहाससंमत नाही.