घाट, फियाट आणि गॅसकेट

मुंबईहून नाशिकला येताना कसारा मागे पडलं की रस्ता चढायला लागतो. जुन्या सरकारी कागदांत या घाटाचं नाव थळ घाट. आपण सगळे त्याला कसारा घाटच म्हणतो. १८६५ मध्ये रेल्वे हा घाट चढली, तेव्हा रुळांचा चढ सदतीस फुटांना एक फूट असा ठेवावा लागला आणि गाड्यांना मागून जादा इंजिनं जोडावी लागली. मोटारींना मात्र मागून रेटणारं कोणी नव्हतं. साठ, सत्तर, ऐंशीच्या दशकांत उन्हाळ्याच्या दुपारी या घाटात हटकून दिसणारं दृश्य म्हणजे बॉनेट वर करून कडेला उभ्या राहिलेल्या फियाट आणि अँबेसिडर, रेडिएटरमधून फुसफुसणारी वाफ आणि पत्र्याचा डबा घेऊन पाणी शोधत निघालेला ड्रायव्हर.

बहुतेक गाड्या तासाभरात निवून पुढे निघायच्या. काहींचं दुखणं मात्र घाट संपल्यावर सुरू व्हायचं. नाशिकला पोचेपर्यंत मागच्या नळीतून पांढरा धूर, दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिएटर रिकामा आणि इंजिन चारांऐवजी तीनच पायांवर चालल्यासारखं अडखळतंय. गॅरेजमध्ये निदान एका वाक्यात व्हायचं : हेड गॅसकेट उडालं.

हे गॅसकेट म्हणजे काय, ते आधी सांगतो. इंजिनाचा खालचा भाग म्हणजे ब्लॉक, वरचा भाग म्हणजे हेड. दोन्हींच्या मध्ये भोकाभोकांचा एक पातळ थर असतो, जेमतेम दीड मिलिमीटरचा. त्याच्या एका भोकात पेट्रोलचा स्फोट होतो, शेजारच्या भोकातून थंड करणारं पाणी वाहतं आणि तिसऱ्यातून तेल. चाळीत एकमेकांशी मुळीच न पटणारी तीन बिऱ्हाडं पातळ भिंतीच्या आडोशानं नांदावीत, तसा हा प्रकार. भिंत फुटली की वायू पाण्यात, पाणी तेलात आणि भांडण सगळ्या घरात. शब्दाची गंमत अशी, की इंग्रजीत गॅसकेट म्हणजे मूळची शिडाच्या जहाजावरची दोरी, गुंडाळलेलं शीड बांधून ठेवणारी. आमच्या मिस्त्री लोकांना समुद्राशी काही देणंघेणं नव्हतं, पण ‘मिस्त्री’ हा शब्दही पोर्तुगिजांबरोबर जहाजातूनच आला. आणि ‘दुरुस्ती’ फारसीतून. नाशिकच्या गॅरेजमध्ये या सगळ्या भाषा एकाच पान्यानं आवळल्या जायच्या.

फियाटच्या बाबतीत ही भिंत जास्त नाजूक होती. या गाडीचं इंजिन १०८९ सीसीचं; ब्लॉक बिडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचं. अ‍ॅल्युमिनियम तापलं की बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. प्रत्येक चढावर हेड आणि ब्लॉक वेगवेगळ्या चालीनं फुगायचे, प्रत्येक उतारावर आकसायचे आणि मधल्या मध्ये गॅसकेट घासलं जायचं. गाडी मर्यादेत तापली तर ते वर्षानुवर्षं सोसायचं. उकळली, की हेड वाकायचं.

पण अशा गाड्या आपल्याकडे इतकी वर्षं का धावत राहिल्या, याला इतिहास आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात १९४७ पासून गाड्या जुळू लागल्या. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशननं सांगितलं की नुसती जुळवाजुळव नको, ज्यांना इथं खरोखर गाडी बनवायची आहे त्यांनीच राहावं. जनरल मोटर्सनं १९५४ मध्ये मुंबईतलं काम बंद केलं. उरल्या दोन-तीन कंपन्या, परवान्यानं बांधलेलं उत्पादन आणि वर्षानुवर्षांची प्रतीक्षायादी. फियाट ११०० चं हे घराणं इटलीत १९५३ मध्ये बाजारात आलं आणि तिथं १९६९ मध्ये थांबलं. आपल्याकडे तीच गाडी १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी म्हणून ओळखली जाऊ लागली आणि थेट नवं शतक उजाडेपर्यंत तयार होत राहिली. नवी गाडी मिळणं हीच जिथं नशिबाची गोष्ट, तिथं जुनी टाकून देणं परवडणार कोणाला? इंजिन उघडायचं, बसवायचं, पुन्हा उघडायचं. वीस-पंचवीस वर्षं एकच गाडी.

आमच्या एकलहऱ्याला गॅसकेट हा शब्द नवा नव्हता. इथल्या औष्णिक वीज केंद्राचे पहिले दोन संच १९७० आणि १९७१ मध्ये सुरू झाले. २१० मेगावॉटचे तीन संच १९७९ ते १९८१ या काळात आले. वाफेच्या पाइपांचे जिथं जिथं सांधे, तिथं तिथं गॅसकेट. वीज केंद्रातल्या फिटरला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्यानं सांगितलं असतं की बॉयलरला साधं पाणी चालत नाही, त्यातले क्षार काढून टाकावे लागतात, नाहीतर आतून खर धरते. आणि हीच माणसं पाळी संपली की स्वतःच्या सेकंडहँड फियाटच्या रेडिएटरमध्ये बोअरचं जड पाणी ओतायची! वर्षा-दोन वर्षांत आतल्या बारीक नळ्या खरेनं अर्ध्या बुजायच्या. मग बिचारा कसारा घाट बदनाम व्हायचा.

गॅसकेट उडणं हे कारण नसतं, तो परिणाम असतो. हे ज्याला कळलं तो उस्ताद. बाकीचे पाने फिरवणारे. नाशिकला द्वारका परिसरातल्या गॅरेजमध्ये असे काही उस्ताद मी पाहिले आहेत. त्यांच्यातल्या एका चाचांकडे वीज केंद्रातले एक इंजिनियर गाडी घेऊन आले होते.

“चाचा, हेड गेलंय म्हणतात.”

“कोण म्हणतंय, साहेब?”

“पलीकडचा गॅरेजवाला.”

“त्यानं बघितलं, का नुसतं ऐकलं?”

या प्रश्नात पैशांचा मोठा हिशेब दडलेला असे. हेड उतरवायचं म्हणजे सुटे भाग, मशीन शॉप, मजुरी आणि दोन-तीन दिवस. नाशिक-दादर टॅक्सी चालवणाऱ्या माणसाचे तेवढे दिवस घरात चूल कशी पेटायची? आणि पुष्कळदा दोष निघायचा फुटलेल्या होज पाइपचा, सैल फॅनबेल्टचा किंवा अडकून बसलेल्या थर्मोस्टॅटचा. चाचा म्हणून आधी पान्याला हात लावत नसत. पाणी रोज किती लागतं? घाटात गाडी कुठं थांबवली? थांबल्यावर लगेच थंड पाणी ओतलं का? तापलेल्या हेडवर थंड पाणी म्हणजे त्याला तडा द्यायलाच बोलावणं. आणि गरम रेडिएटरचं झाकण उघडणाऱ्यांचे भाजलेले हात सगळ्याच गॅरेजवाल्यांनी पाहिलेले असतात.

तपासणी दुसऱ्या दिवशी, इंजिन पूर्ण थंड असताना. तेलाची पट्टी बाहेर काढायची. तेलाला दुधाच्या चहाचा रंग आला असेल तर आत पाणी शिरलंय. नुसत्या तेलाच्या झाकणाखाली पांढरट साय दिसली तर घाई करायची नाही. पावसाळ्यात जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत दमटपणानंही ती जमते. धुराचंही तसंच. थंडीच्या सकाळी नळीतून वाफ येणारच. गाडी तापल्यावरही ती थांबली नाही आणि इकडे पाणी घटत राहिलं, तर संशय पक्का. मग फॅनबेल्ट काढायचा, म्हणजे पाण्याचा पंप फिरत नाही, पाणी ढवळत नाही. झाकण उघडं ठेवून थंड इंजिन मिनिटभरच चालवायचं आणि पाण्याकडे बघायचं. बुडबुडे सारखे येत राहिले, तर स्फोटाचा वायू पाण्याच्या वाटेला लागला आहे. शेवटी चारही प्लग काढायचे. एखादा धुतल्यासारखा स्वच्छ निघाला तर पाणी त्याच सिलिंडरमध्ये जातंय. कॉम्प्रेशन मोजलं आणि शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच कमकुवत निघाले, तर त्या दोघांमधलीच भिंत पडली आहे. एवढं झाल्यावर चाचा म्हणत, “आता उतरवू.”

रेडिएटरमध्ये हळद टाकण्याचा उपायही ड्रायव्हर मंडळींना तोंडपाठ होता. टाचणीएवढ्या गळतीला ती तात्पुरती उपयोगी पडते, हे खरं. उडालेल्या गॅसकेटला तिचा काही उपयोग नाही. उलट आधीच बुजलेल्या नळ्या आणखी बुजतात.

हेड उतरल्यावर त्यावर सरळ पट्टी उभी धरून खालून फीलर गेजची पाती सारायची. पाती शिरली म्हणजे हेड वाकलं. मग मशीनवर फेसिंग. तेही बेतानं, कारण जास्त कापलं तर कॉम्प्रेशन वाढून गाडी ठोकायला लागते. नवं गॅसकेट बसवल्यावर नट आवळायचे ते मधून कडेकडे, दोन-तीन फेऱ्यांत, टॉर्क पान्यानं. गाडी एकदा तापवून थंड झाली की पुन्हा तपासायचे आणि टॅपेट परत बसवायचे. शेवटच्या या कामाचा कंटाळा करणाऱ्याची गाडी महिन्याभरात दारात परत येत असे.

त्या काळातली गॅसकेट तांब्याच्या दोन पत्र्यांमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस भरलेली असत. जुनं गॅसकेट ब्लॉकला चिकटलेलं असायचं. पोरं ते पत्रीनं खरवडायची आणि भुकटी तोंडानं फुंकायची. अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू फुप्फुसात बसतात आणि आजार वीस-तीस वर्षांनी वर येतो, हे त्या पोरांना कोणी सांगितलं नाही. आपण गाड्या किती वर्षं चालवल्या याचं कौतुक करतो. त्या चालत्या ठेवणाऱ्या छात्या किती वर्षं चालल्या, याची नोंद कुठल्या वहीत आहे? आज जुनी गाडी उघडणाऱ्यानं निदान खरवडताना तो भाग ओला ठेवावा, योग्य मास्क लावावा आणि नवं गॅसकेट बिनअ‍ॅस्बेस्टॉसचं मागून घ्यावं.

१९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि हळूहळू घाटातले डबे दिसेनासे झाले. रेडिएटरमध्ये पाण्याऐवजी कूलंट आलं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात नोंदली गेली होती. वीस वर्षांची मर्यादा भरली आणि २०२३ च्या ऑक्टोबर अखेरीस तीही रस्त्यावरून उतरली.

तरी हौसेनं किंवा वडिलांची आठवण म्हणून पद्मिनी राखणारे लोक आहेत. त्यांच्या गाडीचं गॅसकेट उडालं तर अडचण गॅसकेटची नसते, ते मिळतं. अडचण असते हेडला तडा गेला असेल तर. नवं हेड आता सहज मिळत नाही. वेल्डिंग करून पाहता येतं, पण अ‍ॅल्युमिनियमच्या तड्यावरचं वेल्डिंग टिकेलच असं नाही. मग मिस्त्री मुंबईला फोन लावतात आणि कुर्ल्याच्या भंगारबाजारात मोडलेल्या गाडीचं चांगलं हेड शोधायला सांगतात. ज्या कुर्ल्यात गाडी तयार झाली, तिथूनच ते निघतं आणि घाट चढून नाशिकला येतं. आल्यावर बसवायच्या आधी त्यावरही पट्टी ठेवून बघावी लागते.